संसदीय समितीला लिहिल्याने भिंतीवरची ओल हटेल का?

केतकी_उत्तर:
आम्ही इंग्लंडमध्ये एका हाउसिंग असोसिएशनच्या (कमी भाड्याची घरे देणाऱ्या ना-नफा संस्थेच्या) सदनिकेत भाड्याने राहतो. मुलांच्या खोलीत गेल्या हिवाळ्यापासून ओल आणि काळी बुरशी आहे. तीनदा फोन केला, पण खिडक्या उघड्या ठेवा आणि कपडे घरात वाळवू नका, यापलीकडे उत्तर मिळाले नाही. संसदेची गृहनिर्माण समिती अशा सामाजिक, म्हणजे कमी भाड्याने दिल्या जाणाऱ्या, घरांच्या दर्जाविषयी नागरिकांकडून लेखी निवेदने मागवते, असे वाचले. आमची तक्रार तिच्याकडे पाठवावी का? तिचे म्हणणे घरमालकावर बंधनकारक असते का?

धोरण_वाचक:
बंधनकारक नसते, आणि एकेका घराची तक्रार ही समिती हाताळतही नाही. मंत्री, नियामक (सामाजिक घरांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) आणि घरमालक संस्थांचे प्रमुख यांना समोर बसवून प्रश्न विचारणे आणि शिफारशी करणे हे तिचे काम असून, त्या शिफारशींना सरकारने साधारणपणे दोन महिन्यांत उत्तर देणे अपेक्षित असते. तरीही तिला निरुपयोगी समजू नका. जुलै 2022 च्या अहवालात तिने स्पष्ट नोंदवले होते की काही सामाजिक घरे माणसाने राहण्यायोग्य उरलेली नाहीत आणि नियामकाने स्वतःहून पुढाकार घेतला पाहिजे. त्या काळी भाडेकरूंचे ‘गंभीर नुकसान’ झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे दिसल्याशिवाय नियामकाला घरांच्या दर्जाबाबत हस्तक्षेप करता येत नसे. 2017 मध्ये लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या सामाजिक घरांच्या इमारतीला लागलेल्या आगीत 72 जणांचे प्राण गेल्यानंतरही ही अट सहा वर्षे टिकून राहिली, हे मला आजही अस्वस्थ करते. 2023 च्या कायद्याने ती काढली आणि एप्रिल 2024 पासून हजारांहून अधिक घरे असलेल्या संस्थांची दर चार वर्षांनी तपासणी करण्याची पद्धत सुरू झाली.

रोजची_दुरुस्ती:
वरील उत्तर योग्य आहे, पण आपल्या मुलांना चार वर्षे थांबता येणार नाही. रॉचडेलमध्ये डिसेंबर 2020 मध्ये घरातल्या बुरशीमुळे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला आणि त्याच्या नावाने ‘अवाब्ज लॉ’ हा नियम आला, जो 27 ऑक्टोबर 2025 पासून सामाजिक घरांना लागू आहे. तातडीचा धोका असेल तर तपासणी करून 24 तासांत तो दूर करावा लागतो. आरोग्याला लक्षणीय धोका असलेल्या ओल-बुरशीची तपासणी कळल्यापासून कामकाजाच्या 10 दिवसांत व्हावी लागते, ती संपल्यावर कामकाजाच्या 3 दिवसांत लेखी सारांश देणे आणि कामकाजाच्या 5 दिवसांत घर सुरक्षित करणे भाग असते. ते जमत नसेल तर घरमालकाने स्वतःच्या खर्चाने पर्यायी निवासाची सोय देऊ करायची असते. म्हणून फोनवर विसंबू नका. तारखा आणि छायाचित्रांसह ईमेल पाठवा आणि ती औपचारिक तक्रार आहे असे त्यातच लिहा. संस्थेच्या तक्रार प्रक्रियेच्या दोन्ही टप्प्यांवर समाधान झाले नाही तर हाउसिंग ओम्बुड्समनकडे, म्हणजे भाडेकरूंच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र लोकपालाकडे जा. ऑक्टोबर 2022 पासून त्यासाठी खासदाराची शिफारस किंवा आठ आठवड्यांची वाट लागत नाही. आणि खिडक्यांविषयी: याच ओम्बुड्समनने 2021 च्या अहवालात, ओल म्हणजे भाडेकरूच्या राहणीचा दोष, हा समज सोडण्यास संस्थांना बजावले होते. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख अवश्य करा.

केतकी_उत्तर:
मनापासून आभार. ईमेल आजच पाठवते. समितीलाही लिहावे असे मात्र अजून वाटते.

धोरण_वाचक:
जरूर लिहा, पण तिची या विषयावरची चौकशी चालू असेल आणि निवेदने मागवली असतील तेव्हाच. भिंतीच्या वर्णनापेक्षा कोणत्या तारखेला काय कळवले आणि त्यावर काय उत्तर आले, हा क्रम तिला अधिक उपयोगी पडतो, कारण कागदावरची मुदत प्रत्यक्षात पाळली जाते की नाही हे सदस्यांना त्यावरूनच मंत्र्यांना विचारता येते. निवेदने सहसा प्रसिद्ध होतात, त्यामुळे नाव गुप्त ठेवण्याची विनंती सुरुवातीलाच करा. प्रकरण न्यायालयात गेले असेल तर त्याचा तपशील त्यात घालू नका.