मुंबईतल्या बागा: पायी बघू की सायकल आणू?

अमळनेरचे_आप्पा
राम राम मंडळी. मुलीची परीक्षा दादरला आहे, मंगळवार आणि बुधवार. ती दिवसभर आत, मी बाहेर. मॉल-बिल नको, बागा बघायच्या आहेत. रोज सकाळी मंगळग्रह मंदिरापर्यंत सायकलने जातो, त्यामुळे पायांची काळजी नाही. सायकल रेल्वेत टाकून आणू का?

पारोळा_ते_कळवा
आप्पा, नका आणू. ब्रेकव्हॅनमध्ये बुक करा, दादरला सोडवा आणि मग त्या गर्दीतून ढकलत न्या, कोणी सांगितलंय? बागा एकमेकींपासून लांब आहेत. मधलं अंतर लोकलने कापायचं, बाग पायी बघायची.

राणीची बाग बुधवारी बंद असते, म्हणून मंगळवारी तीच. भायखळ्याला पूर्वेला उतरा. सगळं जग पेंग्विनच्या रांगेत लागतं, तुम्ही झाडं बघा. एकोणिसाव्या शतकातली बाग आहे. गोरखचिंचेचं खोड बघून आपल्याकडचे वड बारीक वाटतात. फोर्टातल्या काळा घोडा चौकाला ज्या पुतळ्यावरून नाव पडलं, तो पुतळा आता इथेच आहे. घारापुरीचा दगडी हत्ती शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात.

बुधवारी मलबार हिल. फिरोजशहा मेहता उद्यान 1881 चं, खाली पाण्याची मोठी टाकी आहे. समोर कमला नेहरू पार्क. म्हातारीचा बूट पोरांना सोडा, तुम्ही कठड्यापाशी जा, अख्खं मरीन ड्राइव्ह दिसतं. जवळच झाडांमधून जाणारी उंच पायवाट 2025 मध्ये झाली, 485 मीटर. तिचं तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा.

मेहरूण_वॉकर
सायकलवाल्या माणसाला कठड्यापाशी काय उभं करता भो? बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सांगा! आत सायकल भाड्याने मिळते, कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर, शेवटी चढ. सुट्टी सोमवारी, म्हणजे बुधवार चालेल.

पारोळा_ते_कळवा
चालेल, पण मग मलबार हिल विसरा. एका दिवसात दोन्ही केलं तर दोन्ही लोकलच्या खिडकीतूनच बघाल.

धुळ्याची_सून
आप्पा, घामाचं कोणी बोललंच नाही. आपलं मे महिन्यातलं ऊन कोरडं, सावलीत गेलं की निभतं. तिथे सावलीतही सदरा पिळावा लागतो. पाण्याची बाटली मोठी घ्या. आणि मुलीला सेंटरवर सोडल्यावर लगेच गाडी पकडू नका. दादर पूर्वेला पारशी कॉलनीतली पाच उद्यानं आहेत, सकाळी तिथली झाडी बघण्यासारखी असते. शिवाजी पार्कचा कट्टा पश्चिमेला, तो संध्याकाळी दोघं मिळून बघा.

अमळनेरचे_आप्पा
ठरलं. मंगळवारी राणीची बाग, बुधवारी बोरिवली. मलबार हिल मुलीला नोकरी लागल्यावर. जेवणाचं काय? घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून आणला तर आत नेता येतो?

मेहरूण_वॉकर
आणा की. पण डबा सायकलच्या हँडलला लटकवू नका, तिथली माकडं भाकरी ओळखतात.