नैसर्गिक म्हणजे टिकाऊ, असं नाही

चित्रांच्या रंगांत नैसर्गिक लाल टिकतो आणि कारखान्यातला उडतो, असं म्हणतात. मला ही विभागणीच पटत नाही. गेरू शतकानुशतकं टिकतो, कारण तो मुळात लोहाचा ऑक्साइड. पण कोचिनील नावाच्या किड्यांपासून मिळणारा लाल, कार्माइन, हाही नैसर्गिकच, आणि तो उजेडात फिका पडतो. फ्रेंच चित्रकार रेन्वारने १८८३ साली केलेलं मादाम क्लापिसाँचं व्यक्तिचित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. ते फ्रेममधून काढल्यावर काठाशी, जिथे उजेड पोचलाच नव्हता, तिथे भडक लाल रंगाची अरुंद पट्टी दिसली. बाकी पार्श्वभूमीतला हाच लाल केव्हाच उडून गेला होता!

उलट, व्हॅन गॉगचा इओसिन या कृत्रिम रंजकापासून केलेला लाल कारखान्यातला, आणि तोही उडाला. १८९० मधल्या त्याच्या गुलाबांच्या चित्रांतली गुलाबी फुलं आज जवळपास पांढरी दिसतात.

आता अलिझरिन क्रिमसन या गडद लाल रंगाबद्दल. मॅडर या वनस्पतीच्या मुळातलं हे रंगद्रव्य १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. रेणू तोच, त्यामुळे कमजोरीही तीच. जाड थरात तो बरा टिकतो, पण ग्लेझमध्ये, म्हणजे पातळ पारदर्शक थरात, किंवा पांढऱ्यात मिसळला की लवकर उतरतो. म्हणून ग्लेझसाठी मी क्विनाक्रिडोन हे पक्कं, पारदर्शक कृत्रिम रंगद्रव्य सुचवेन. कॅडमियम रेड पक्का असला तरी अपारदर्शक, तिथे कामाचा नाही.

रंगाच्या ट्यूबवरच्या नावावर जाऊ नका, मागचा पिग्मेंट कोड (रंगद्रव्याचा ठरलेला क्रमांक) वाचा: पीआर ८३ म्हणजे अलिझरिन, पीव्ही १९ म्हणजे क्विनाक्रिडोन.