पहिली बारा तारांची गिटार: जुनी घेऊ की नवी? (जरा लवकर सांगा)

सहामाही_वादक | सोमवार, २१:१०
नमस्कार मंडळी. बारा तारांची गिटार घ्यायची आहे, पहिलीच. समोर दोन आहेत. एक ओळखीतल्या माणसाकडची जुनी. तिचा आवाज ऐकून अंगावर काटा आला. दुसरी नवी कोरी. आवाज बरा आहे, काटा वगैरे काही नाही. कोणती घेऊ? जुनीवाल्याला शनिवारी उत्तर द्यायचंय, नाहीतर तो दुसऱ्या कुणाला तरी देतोय. आधीचे धागे चाळले, सगळीकडे नुसती भांडणं. आणि कृपया 'आधी सहा तारांवर हात बसवा' हे कुणी सांगू नका, ऐकून कान किटलेत.

खर्जातला_पंचम | सोमवार, २१:२२
जुनी म्हणजे किती जुनी? नवी म्हणजे कोणती? तुम्ही किती दिवस वाजवताय, काय वाजवताय, अकूस्टिक की इलेक्ट्रिक? रिपोर्ट घरी ठेवून डॉक्टरला 'कोणती गोळी घेऊ' विचारताय.

गुंता | सोमवार, २१:२५
आधी सहा तारांवर हात बसवा.

सहामाही_वादक | सोमवार, २१:४१
@गुंता, धन्यवाद, अगदी हेच हवं होतं.
@खर्जातला_पंचम, अकूस्टिकच हो, दुसरं काय असणार. आठ महिने झाले शिकायला लागून. एफचा बारकॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून) येतो, दहातून सात वेळा. गाणाऱ्याच्या मागे स्ट्रमिंग करायचंय, भरगच्च आवाज हवाय. नवी यामाहाची एफजी ८२०-१२ आहे. जुनीवरचं लेबल फाटलंय.

दुहेरी_तार | सोमवार, २२:३०
माझ्याकडे अकरा वर्षांपासून बारा तारांची आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

एक म्हणजे, ब्रँड नंतर, आधी नट बघा, म्हणजे दांड्याच्या टोकाची खाचांची पट्टी, तिची रुंदी. सहा तारांच्या गिटारचा नट ४३-४४ मिलिमीटर असतो, बारा तारांच्या बहुतेक अकूस्टिकचा ४७-४८, कारण तारा दोन-दोनच्या सहा जोड्यांत असतात. हे चार मिलिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, पण तुमचा दहातून सात वेळा येणारा एफ तिथे दहातून दोन वेळा येईल. महिनाभर. मग येईल परत.

दुसरं, ताण. साध्या लाइट सेटमध्ये सहा तारांचा मिळून ताण ७५ किलोच्या आसपास, बारा तारांचा ११० च्या घरात. एवढं ओझं त्या पातळ फळीवर रात्रंदिवस. म्हणून जुनी घेताना आवाजाला भुलायचं नाही, ब्रिजकडे (तारा फळीवर जिथे अडकतात ती लाकडी पट्टी) आणि नेककडे (दांड्याकडे) बघायचं. लेबल फाटलेलं चालेल, ब्रिज उचललेला चालणार नाही.

तिसरं, सांगते तसं करा: दोन फ्रेट (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) खाली लावा, म्हणजे ई ऐवजी डी. ताण जवळजवळ पाचवा हिस्सा उतरतो. गाणाऱ्याला मूळ पट्टी हवी असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा). मात्र कॅपो जरा दमदार हवा, नाहीतर जोडीतली जाड तार त्याला अडवून धरते आणि शेजारची बारीक झणझणत बसते.

शुद्ध_गंधार | सोमवार, २२:४४
तिसऱ्या मुद्द्याशी साफ असहमत. गिटार ज्या स्वरासाठी बनवलीय त्याच स्वरात लावावी. खाली लावली की तारा ढिल्या पडतात, चमक जाते. पंधरा वर्षं मूळ स्वरात वाजवतोय, माझ्या गिटारला काहीही झालेलं नाही.

दुहेरी_तार | सोमवार, २२:५१
तुमच्या गिटारला झालं नाही याचा आनंदच आहे. पण बारा तारांचे दिग्गज बघा: लेड बेली भलत्याच खाली लावायचा, लिओ कॉटकी पण खालीच लावतो. चमक गेली म्हणून त्यांना कुणी परत पाठवल्याचं ऐकिवात नाही. ढिल्या वाटल्या तर एक नंबर जाड सेट घाला.

शुद्ध_गंधार | सोमवार, २२:५५
जाड सेट घातला की ताण परत तेवढाच. मग मिळवलं काय?

दुहेरी_तार | सोमवार, २३:०२
खर्ज. जाऊ द्या, त्यांनी विचारलंय काय आणि आपण बसलोय काय.

पेडलपंडित | मंगळवार, ००:१५
एवढा खटाटोप कशाला? साधी गिटार, त्यापुढे एक ऑक्टेव्ह पेडल (सप्तक वरचा स्वर जोडणारं), त्यापुढे कोरस (आवाज दुहेरी भासवणारं). झाली बारा तारांची. माझ्या बोर्डावर कोरस आधी ठेवला होता, नंतर शेवटी हलवला, जमीन-अस्मानाचा फरक पडला. सविस्तर वेगळा धागा काढेन.

खर्जातला_पंचम | मंगळवार, ०७:५०
अकूस्टिक आहे हो त्यांची. पेडल काय भोकात घालायचं?

काटकसर | मंगळवार, ०९:३०
मी सांगतो तो मार्ग कुणीच सांगणार नाही. बारा तारांचा सेट आणा, त्यातल्या बारीक जोडतारा तेवढ्या काढा आणि आपल्या सहा तारांच्या गिटारवर चढवा. ई, ए, डी, जी या चार तारा एक सप्तक वर, बी आणि वरची ई आहेत तशाच. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. शेजारी मित्राला साधी गिटार घेऊन बसवा, दोन्ही मिळून हुबेहूब बारा तारा. ताण नाही, नेक वाकत नाही, बोटं दुखत नाहीत.

सहामाही_वादक | मंगळवार, ०९:४४
मित्र असता तर गिटारकडे कशाला आलो असतो? एकटाच वाजवतो. जुनी की नवी?

काटकसर | मंगळवार, १०:०५
मग सात तारांचीही येते. मार्टिन कंपनीने बर्ड्स बँडच्या रॉजर मॅग्विनच्या नावाने काढली होती, फक्त जी तारेला वरच्या सप्तकाची जोड. निम्मी गंमत त्या एका तारेतच असते.

तरफदार | मंगळवार, ११:२०
अवांतर: बारा तारांच्या गिटारला लोक सतारीची बहीण म्हणतात ते चूक आहे. सतारीच्या तरफा (मुख्य तारांखालच्या बारीक तारा) आपोआप घुमतात, त्यांना सहसा कुणी छेडत नाही. इथे दोन्ही तारा एकदमच छेडल्या जातात. फार तर तंबोऱ्याशी नातं सांगा, खरजाच्या जोडीला वरचा षड्ज.

शुद्ध_गंधार | मंगळवार, ११:३१
तंबोऱ्याला जवारी (घोडीचा पसरट माथा, त्यानेच तार झणकारते) असते. गिटारच्या सॅडलवर (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीवर) जवारी कुठली?

तरफदार | मंगळवार, ११:३८
नातं म्हटलं, जुळी भावंडं नाही म्हटलं. आणि एकदम छेडल्या जातात म्हणजे अगदी एकदमही नाही. अकूस्टिकवर हात खाली येताना आधी बारीक तार लागते, मग जाड. रिकनबॅकर कंपनीच्या इलेक्ट्रिकवर क्रम उलटा, आधी जाड. १९६४-६५ च्या सुमारास बीटल्सच्या हॅरिसनने आणि मॅग्विनने गाजवलेला तो खणखणीत आवाज थोडा त्या क्रमाचाही आहे.

गुंता | मंगळवार, ११:४०
बारा तारावाला अर्धं आयुष्य ट्यून करण्यात घालवतो आणि उरलेलं बेसूर वाजवण्यात.

खर्जातला_पंचम | मंगळवार, ११:४४
हा विनोद अजून आला कसा नाही, असं वाटतच होतं. धागाकर्ते, जुनीचं सगळं नीट सांगा. किती वर्षं पडून होती, तारा चढवलेल्या होत्या का, ब्रिजच्या मागे हात फिरवून पाहिलात का, बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे?

सहामाही_वादक | मंगळवार, २०:१५
मोजलं वगैरे काही नाही, आवाज ऐकत होतो. आठ-नऊ वर्षं केसमध्येच होती म्हणाला. तारा चढवलेल्याच होत्या, त्याच्या मते 'लाकूड तयार झालंय'. ब्रिजच्या मागे जरासा फुगवटा आहे. सॅडल अगदी बसकं, ब्रिजच्या वर जेमतेम दिसतं. तो म्हणाला, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) मुद्दाम कमी करून घेतलीय, नव्या माणसाला सोपं. तरी बाराव्या फ्रेटच्या पुढे दाबायला जड गेली. हे महत्त्वाचं आहे का?

दुहेरी_तार | मंगळवार, २०:२१
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!

खर्जातला_पंचम | मंगळवार, २०:३०
महत्त्वाचं? तेवढंच महत्त्वाचं आहे. आठ-नऊ वर्षं पूर्ण ताणाखाली. नेक पुढे झुकली, तारा उंच झाल्या, म्हणून त्यांनी सॅडल घासलं. परत उंच झाल्या, परत घासलं. आता घासायला काही उरलं नाही. याला साधा सेटअप (किरकोळ जुळवणी) पुरणार नाही, नेक काढून परत बसवावी लागेल. नेक रिसेट.

शुद्ध_गंधार | मंगळवार, २०:४४
घाई नको. ब्रिजमागे थोडा फुगवटा बारा तारांच्या गिटारला असतोच, तो नसेल तर फळी फार जाड आहे समजा. मुळात बसकं सॅडल घालून दिलेलं असू शकतं. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवून पाहिला का?

खर्जातला_पंचम | मंगळवार, २०:५२
ट्रस रॉड नेकचा बाक काढतो, नेक फळीला ज्या कोनात बसलीय तो कोन बदलत नाही.

शुद्ध_गंधार | मंगळवार, २०:५८
ते मलाही माहीत आहे. बाक असेल तर आधी तो काढा, मग कोनाबद्दल बोला, एवढंच.

दुहेरी_तार | मंगळवार, २१:१५
दोघंही थांबा, त्यांना स्वतःलाच बघू द्या. @सहामाही_वादक, एक लांब, सरळ स्टीलची पट्टी घेऊन जा. गिटार स्वरात लावलेली असू दे. तिसऱ्या आणि चौथ्या जोडीच्या मधल्या फटीतून पट्टी उभी धरून फ्रेटांवर टेकवा आणि ब्रिजकडे सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावर अलगद आलं, तर कोन ठीक. माथ्याच्या खाली ब्रिजच्या पुढच्या कडेवर जाऊन आपटलं, तर सोडून द्या, काटा आला तरी. मग ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय. शेवटी बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली मोजा, अडीच मिलिमीटरच्या आसपास हवं.

पेडलपंडित | बुधवार, ००:४०
कोरसचा धागा काढला आहे, जाणकारांनी जरूर यावं.

सहामाही_वादक | शुक्रवार, २२:०५
जाऊन आलो. पट्टी घेऊन. जुनीवाला वैतागला, म्हणाला, गिटार घेताय की दरवाजा बसवताय. पट्टी ब्रिजच्या माथ्याच्या दोन-तीन मिलिमीटर खाली आपटली. दोनदा करून पाहिलं, शेवटी त्यानेही वाकून बघितलं आणि गप्प बसला. कागद कोपऱ्यात नखभर आत गेला. बाराव्या फ्रेटवर चार मिलिमीटर, सॅडल एवढं घासूनही. आवाज मात्र अजून तसाच आहे राव. निघताना एक ई मायनर वाजवला आणि वाईट वाटलं.

खर्जातला_पंचम | शुक्रवार, २२:१२
आवाज तसाच असणार. ताणाने पातळ फळी हलायला लागते, मोडायच्या आधी सगळ्यात गोड वाजते. सुटलात.

शुद्ध_गंधार | शुक्रवार, २२:२०
कोन गेलाय, मान्य. ट्रस रॉडने काही होणार नाही.

सहामाही_वादक | रविवार, १८:३०
नवी आणली. पण एक प्रॉब्लेम झालाय, लवकर सांगा. लावताना तिसऱ्या जोडीतली बारीक तार तुटली. फट्ट करून, गालाच्या बाजूने गेली. तार खराब होती का? परत द्यायची का?

दुहेरी_तार | रविवार, १८:३८
डोळ्याला लागली नाही ना? ती जी ची जोडतार. ती पहिल्या ई पेक्षाही वर बोलते, आख्ख्या गिटारमध्ये सगळ्यात उंच स्वर तिचाच, आणि जाडी ०.००८ किंवा ०.००९ इंच. तुटते ती हीच. डी मध्ये लावत होता ना?

सहामाही_वादक | रविवार, १८:४५
नाही, म्हटलं एकदा मूळ स्वरात ऐकू. ट्यूनर क्लिपवाला आहे. तो सारखा खालीच दाखवत होता, म्हणून पिळत गेलो.

तरफदार | रविवार, १८:५२
शेजारची जाड तार अंगठ्याने दाबून बंद केली होती का? ती घुमत असली की क्लिप तिचाच स्वर वाचते. ती थोडी उतरलेली असेल तर तुम्ही बारीक कितीही पिळा, तो खालीच दाखवणार.

सहामाही_वादक | रविवार, १८:५५
नाही. ती बंद करायची असते?

दुहेरी_तार | रविवार, १९:०१
हो. आणि खुंटी पिळण्याआधी तार नटपासून खुंटीपर्यंत बोटाने चाचपत जायचं. एका बाजूला सहा खुंट्या आहेत, माझ्याकडून अजूनही चुकीची पिळली जाते.

सहामाही_वादक | रविवार, १९:०९
थांबा. चाचपून पाहिलं. तारेचा तुकडा ज्या खुंटीवर अडकलाय ती मी पिळत असलेली खुंटी नाहीच.

खर्जातला_पंचम | रविवार, १९:१२
मग तुम्ही पिळत होता ती कोणत्या तारेची? आणि ती आता कुठल्या स्वरात आहे? हात लावू नका तिला, आधी सांगा.