ई-सिगारेट: एकीकडे शिफारस, दुसरीकडे बंदी, असे कसे?

पानगळ

माझा धाकटा भाऊ वीस वर्षांपासून दिवसाला पंधरा-सोळा सिगारेटी ओढत आला आहे. तो राहतो तिथे ई-सिगारेट कायदेशीर आहे. चार महिन्यांपूर्वी त्याने ती घेतली, सिगारेटी सात-आठवर आल्या आणि आता "अपाय निम्म्यावर आणला" असे तो सांगतो. त्यानिमित्ताने वाचायला बसलो आणि गोंधळ वाढला. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी अपायकारक असल्याचे सांगितले, तर भारताने २०१९ मध्ये कायदा करून तिचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात बंद केली. पुरावा सर्वांसमोर एकच असताना निष्कर्ष इतके उलट कसे निघतात? आणि भावाचा हिशेब बरोबर आहे का?

ओसरी

आधी भावाचा हिशेब पाहू, कारण तो चुकला आहे. कर्करोगाचा धोका किती वर्षे आणि किती सिगारेटी ओढल्या यावर वाढत जातो. हृदयाचे तसे नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका ओढवतो, त्यातला जवळपास निम्मा दिवसाला एकाच सिगारेटीनेही ओढवतो. सोळावरून सात म्हणजे धोका अर्धा, हे गणित हृदय मानत नाही. दोन्ही चालू ठेवणाऱ्याला फायदा फार थोडा होतो. खरा फायदा शेवटची सिगारेट सुटल्यावर होतो.

आता ९५ टक्क्यांविषयी. माणसे निकोटिनसाठी सिगारेट ओढतात, पण मरतात ती डांबराने, असे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच मांडले होते. झुरका घेताना सिगारेटचे टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि त्या ज्वलनातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड व कित्येक कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही. प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वादद्रव्ये यांच्या द्रवाची वाफ होते. अपाय कमी असणार हे त्यावरून उघड आहे. मात्र ९५ हा आकडा कोणी मोजलेला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूठभर तज्ज्ञांनी निरनिराळ्या अपायांना गुण दिले, त्यातून तो आला. माझ्या मते दिशा योग्य होती, पण 'बराच कमी' म्हणण्याऐवजी इतका नेमका आकडा दिल्यामुळे दोन्ही बाजूंना भांडायला एक खुंटी मिळाली.

कंदील

मी या मार्गाने सिगारेट सोडली आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो जी तक्त्यांत दिसत नाही. सिगारेट संपते. दहा-बारा झुरक्यांनंतर थोटूक विझवावे लागते आणि तिथे आपोआप थांबणे होते. या यंत्राला थोटूक नाही. टेबलावर काम करताना हात नकळत तिकडे जातो आणि आतली कापसाची वात कोरडी पडून जळकट चव घशाला लागली की कळते, आपण तासभर ओढतच होतो. मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिनवरून ३ वर यायला मला चौदा महिने लागले.

हा माझा एकट्याचा अनुभव नसावा. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर ई-सिगारेट गटातले १८ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, तर निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगगम वगैरे वापरणाऱ्यांत ९.९ टक्के. जवळपास दुप्पट यश. पण ई-सिगारेट गटातल्या यशस्वी लोकांपैकी ८० टक्के लोक तेव्हाही ई-सिगारेट ओढत होते, हेही त्याच चाचणीत आहे.

दंडकारण्य

मूळ प्रश्नाचे उत्तर 'कशाच्या तुलनेत' या दोन शब्दांत आहे. वीस वर्षे ओढणाऱ्यासाठी तुलना सिगारेटशी होते. पंधरा वर्षांच्या मुलासाठी ती स्वच्छ हवेशी होते. इंग्लंडने पहिला माणूस डोळ्यांसमोर ठेवला, बंदी घालणाऱ्यांनी दुसरा. तो दुसराही काल्पनिक नाही. अमेरिकेत २०१९ च्या पाहणीत माध्यमिक शाळेतल्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के विद्यार्थ्यांनी मागच्या तीस दिवसांत ई-सिगारेट वापरली होती. बेन्झॉइक आम्ल मिसळून केलेल्या निकोटिन क्षारांमुळे तीव्र मात्राही घशाला बोचत नाही, हे त्यामागचे एक कारण.

त्याच वर्षी सुरू झालेल्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे फुप्फुसांच्या तीव्र आजाराने २,८०७ रुग्ण दाखल झाले किंवा दगावले, मृत्यू ६८. याचे खापर सरसकट सर्व ई-सिगारेटींवर फुटले, पण तपासात मुख्य दोषी निघाले ते गांजातील टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाच्या द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट. धोरणाची चर्चा या गैरसमजातून अजून पुरती सावरलेली नाही.

भारताच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे: २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते आणि १०.७ टक्के धूम्रपान करत होते. तंबाखू चघळणारा मुळात काही जाळतच नाही, मग ई-सिगारेट त्याला वाचवणार तरी कशापासून? तरीही सिगारेट कायदेशीर आणि तिचा कमी घातक पर्याय गुन्हा, ही विसंगती मला पटत नाही. युरोपीय संघाने घातलेली मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची निकोटिन मर्यादा किंवा ब्रिटनने जून २०२५ पासून वापरून फेकण्याच्या यंत्रांवर आणलेली बंदी, हे मधले मार्ग मला अधिक विचारपूर्वक वाटतात.

पानगळ

सर्वांचे आभार. भावाशी बोललो. निम्म्याचे गणित मोडल्यावर तो जरा खट्टू झाला. उरलेल्या सिगारेटींपैकी पहिली सकाळी उठल्या उठल्या असते आणि तीच सुटत नाही म्हणतो.

कंदील

साहजिक आहे. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते, त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर शरीर जवळजवळ रिकामे असते. त्याच्या डॉक्टरांना विचारून रात्रभराची पट्टी लावता येते का ते पाहा, आणि सिगारेटचे पाकीट त्याच्या उशापासून हलवून दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा. माझी सकाळची सिगारेट तशीच सुटली, आणि तीच सर्वांत शेवटी सुटली.