ड्यून: कुठला बदल खपतो?
फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' या विज्ञान कादंबरीवरच्या चित्रपटांबद्दल कोणीतरी लिहिलंय, 'पुस्तकात आहे ते सगळं पडद्यावर यायलाच हवं'. ते पटलं नाही. दिग्दर्शक डेव्हिड लिंचच्या १९८४च्या 'ड्यून'मध्ये पात्रांच्या मनातले विचारसुद्धा ऐकू येतात, तरी शेवटी अराकिस या वाळवंटी ग्रहावर धो धो पाऊस पाडून त्याने हर्बर्टच्या कथेचा गाभाच घालवला. (अहो, तिथल्या महाकाय वाळूकिड्यांना पाणी म्हणजे विष!) दिग्दर्शक डेनी व्हिलनव्हने २०२४च्या दुसऱ्या भागात नायक पॉलच्या बहिणीला, आलियाला, जन्मालाच येऊ दिलं नाही, खलनायक बॅरनला पॉलच्या हातून मारलं आणि पॉलची प्रेयसी चानी हिला त्याच्यावर रुसून निघून जायला लावलं. पुस्तकात ती त्याच्यासोबतच राहते. पण पॉलला लोक तारणहार मानतात, आणि तारणहारांपासून सावध राहा, हे हर्बर्टचं म्हणणं चानीच्या या बदलामुळेच ठसठशीत पोचतं. माझी खरी तक्रार मेंटाटांबद्दल, म्हणजे संगणकासारखी गणितं करणाऱ्या माणसांबद्दल आहे. त्यांच्यातला थुफिर हवात दुसऱ्या भागात दिसतच नाही, हे काही बरं केलं नाही.