जुन्या पीसीवर फुकटची पण सरळमार्गी सॉफ्टवेअर कुठली टाकावीत? दुकानवाला ४५०० म्हणतोय

कटवाली_मिसळ
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं, राजारामपुरीतनं लिहितोय. घरात २०१७ ला घेतलेला डेस्कटॉप आहे, आय३ सहाव्या पिढीचा, ४ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्डडिस्क. मागच्या महिन्यात विंडोज १० पार बसली म्हणून दुकानात नेला, तर त्यानं फॉर्मॅट मारून दिला आणि म्हणाला ऑफिस, फोटोशॉप, अँटीव्हायरस, मराठी फॉन्ट सगळं घालून देतो, ४५०० द्या. ओरिजिनल आहे का विचारलं तर म्हणतोय, घरात कोण बघायला येतंय? म्हणजे चोरीचंच की. पैसे पण द्यायचे आणि चोरी पण करायची, हे काय पटेना म्हणून कोरा पीसी उचलून घरी आलो.

मग स्वतःच शहाणपणा केला. दोन पीडीएफ जोडायच्या होत्या, गुगलवर शोधलं, पहिलंच जे आलं त्यात मोठ्ठं हिरवं डाउनलोडचं बटण होतं ते दाबलं. आता ब्राउझर उघडला की भलतंच पान येतंय आणि उजव्या कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी "तुमच्या संगणकात ५ व्हायरस" अशी पाटी. परवा शिकवणीला पोरं बसलेली, त्यातलं एक ती पाटी मोठ्यानं वाचून दाखवतंय आणि बाकीची हसून लोळायलीत.

गरज एवढीच आहे: शिकवणीचे पेपर टाईप करायचे, चप्पलच्या दुकानाचा हिशेब एक्सेलमध्ये असतो तो उघडायला पाहिजे, सासरे भजनी मंडळाच्या नोटिसा आणि अभंग टाईप करतात (त्यांच्या जुन्या फाइल सगळ्या श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये), फोटो कापणं, व्हिडिओ बघणं, आणि पोरगी सातवीत आहे तिच्यासाठी काहीतरी. खर्च नको असं नाही, पण उगाच नको.

उद्यमनगरी_पाना
दादा, पहिलं काम, ती ४५०० ची नोट सॉफ्टवेअरवर घालू नका, त्यातनं एसएसडी घ्या, म्हणजे न फिरणारी, चिपवाली वेगवान डिस्क. तुमच्या मशीनचं दुखणं सॉफ्टवेअर नाही, ती फिरणारी हार्डडिस्क आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये याच्यापेक्षा जुनं खोकं आहे, चालू करून चहा पिऊन यायचं मग ते जागं व्हायचं. २५६ जीबीची एसएसडी टाकली आणि आता चहाची ऑर्डर द्यायच्या आत डेस्कटॉप समोर असतोय. जुनी १ टीबी तशीच आत ठेवा फोटो-बिटो टाकायला. जमलं तर ४ जीबीची अजून एक रॅम लावा, पण घ्यायच्या आधी आतली काढून बघा डीडीआर३ आहे का ४, सहाव्या पिढीत दोन्ही प्रकारचे बोर्ड आलेत.

आता हिरव्या बटणाचं. ते सगळ्यांनी एकदा दाबलेलंच असतंय, लाजायचं काय नाही. सर्चमध्ये वर जे येतंय ते बऱ्याचदा जाहिरात असतंय, त्यावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं पण असतंय पण आपली नजर जात नाही. म्हणून सॉफ्टवेअर शोधायचंच नाही, त्याचं घर शोधायचं. व्हीएलसी पाहिजे तर व्हिडिओलॅन डॉट ओआरजी, ऑफिस पाहिजे तर लिब्रेऑफिस डॉट ओआरजी. सगळ्यात सोपं म्हणजे निनाइट नावाची साइट आहे, त्यावर पाहिजे त्या नावांपुढं टिक करायची, एकच छोटी फाइल मिळते, ती चालवली की टिक केलेलं सगळं आपोआप बसतं आणि मधे जे "हा टूलबार पण घ्या" विचारतात त्याला ती परस्पर नाही म्हणते. मी पाहुण्यांचे पीसी असेच करून देतो, अर्ध्या तासात मोकळा.

काय काय टाका: लिब्रेऑफिस (रायटर म्हणजे वर्डसारखं, कॅल्क म्हणजे एक्सेलसारखं). ओपनऑफिस दिसेल कुठंतरी, ते नको, २०१० ला त्यातनंच फुटून लिब्रे निघालं आणि काम सगळं इकडं चालतंय. व्हिडिओला व्हीएलसी, १९९६ ला पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झालेलं, अजून फुकट आणि एक जाहिरात नाही. झिप उघडायला सेव्हन-झिप. पीडीएफ जोडायला-तोडायला पीडीएफ२४, पण त्याचं ऑफलाइन वालं घ्या, म्हणजे बँकेचे कागद कुणाच्या सर्व्हरवर जायला नकोत. फोटोला गिंप आहे पण शिकायला जरा जड, नुसतं कापायचं असलं तर इरफानव्ह्यू लई झालं. अँटीव्हायरस वेगळा नको, विंडोजमधला डिफेंडर घरात पुरतो. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं जोड टाका, निम्मी हिरवी बटणं दिसायचीच बंद होतील.

आणि ती पाटी व्हायरसची नसते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कुठल्या कुठल्या साइटला दिली आहे ते बघा, अनोळखी नाव दिसलं की उडवा. तो पीडीएफवाला प्रोग्रॅम पण कंट्रोल पॅनलमधून काढा.

कटवाली_मिसळ
लई उपकार. फक्त दादा नव्हे ओ, वहिनी आहे 😀 कोल्हापुरात बायका पण आलो-गेलोच म्हणतात हे बाहेरच्यांना दर वेळी सांगावं लागतंय, तुम्ही तर उद्यमनगरातलेच.

उद्यमनगरी_पाना
चुकलं वहिनी. घरात आई पण "मी जेवलो" म्हणते आणि इथं माझी विकेट गेली.

अक्षरजुळणी
लक्ष्मीपुरीत डीटीपी करून आयुष्य गेलं, म्हणून फक्त मराठीचं बोलतो, बाकी वर सांगितलंय ते बरोबर आहे.

श्रीलिपीच्या जुन्या फाइलमध्ये मराठी नसतंच मुळी. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला, मग सासऱ्यांना त्यांचेच अभंग कंसबिंस आणि डॉलरच्या खुणांसारखे दिसणार आणि ते म्हणणार सुनेनं फाइली घालवल्या. गेलेल्या नसतात. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसतं त्या पद्धतीत) नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण कन्व्हर्ट केल्यावर डोळ्यांनी वाचायलाच लागतं. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, "ऱ्या" चं काहीतरी भलतंच होतं, पहिली वेलांटी एखादं अक्षर सरकते. मूळ फाइल तशीच वेगळ्या फोल्डरात ठेवा, तिच्यावर सेव्ह करू नका. आणि श्रीलिपीतला फॉन्ट पण कुठला ते बघा, घराण्याप्रमाणे आतली जुळणी बदलते, चुकीचं घराणं निवडलं तर कन्व्हर्टर पण खिचडीच देणार.

पुढचं टायपिंग मात्र युनिकोडमध्येच. विंडोज १० मध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घातलं की त्यात फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरात उच्चार टाईप केला की मराठी उमटतं तो) २०१९ च्या अपडेटपासून आलाय, वेगळं काही डाउनलोड करायला नको. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. पोरीला मात्र इनस्क्रिप्ट शिकवा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेली कळ असते तो कीबोर्ड. आठ दिवस शिव्या घालेल, नंतर बघायला नको. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, एकदा बोटात बसलं की फोनेटिक नको वाटतं.

फॉन्टला मंगल विंडोजमध्ये असतोच, र. कृ. जोशींनी केलेला, स्क्रीनवर वाचायला छान पण नोटिशीला जरा किरकोळ वाटतो. मुक्ता घ्या, 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा आहे, मोफत, ठळक पण सुंदर दिसतो.

आता लिब्रेऑफिसमधली एक मेख सांगतो, ह्यावर माझे दोन दिवस गेले होते. तुम्ही फॉन्टचा आकार १६ करता आणि कधी इंग्रजी मोठं होतं, मराठी तेवढंच राहतं. कारण त्यात इंग्रजीचा फॉन्ट आणि मराठीचा फॉन्ट वेगवेगळे धरलेले असतात. टूल्स, ऑप्शन्स, मग लँग्वेजेसमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर टिक करा आणि भाषा मराठी निवडा. त्यानंतर फॉन्टच्या खिडकीत दोन रकाने दिसतात, मराठीचा खालचा.

पांढरा_रस्सा
सगळे फुकट फुकट करून नाचायलेत म्हणून दोन शब्द विरोधात बोलतो. मी हिशेबाची कामं घेतो.

एक, दुकानाच्या एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम) असतील तर कॅल्कमध्ये ते धड चालतीलच असं नाही. साधी बेरीज, टक्केवारी, व्हीलुकअप सगळं चालतं, पण कुणीतरी बटणं-बिटणं लावून दिलेली शीट असेल तर आधी कॉपी उघडून बघा. मी एका गिऱ्हाइकाची मूळ शीटच कॅल्कमध्ये सेव्ह केली होती, त्याची बटणं मेली, रात्री अकरापर्यंत बसून परत बांधली.

दोन, फुकट आणि फुकट यात फरक आहे. लिब्रेऑफिस, व्हीएलसी, गिंप ही मुक्त सॉफ्टवेअर, घरात वापरा, दुकानात वापरा, शेजाऱ्याला कॉपी द्या. इरफानव्ह्यू घरगुती वापरापुरतं फुकट आहे, धंद्याला लायसन घ्यावं लागतं. वहिनींचा पीसी घरचा पण हिशेब दुकानाचा, तेव्हा चपलांचे फोटो त्यात कापत असाल तर विचार करा. चोरीचं नको म्हणूनच तर धागा काढलाय.

तीन, विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, हे वर कुणीच बोललं नाही. सहाव्या पिढीवर ११ अधिकृतपणे बसत नाही, इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून वाढीव अपडेटला नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट येतात. नंतर काय ते आत्ताच ठरवा.

गंगावेस_धारोष्ण
नंतर लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम, अजून काय! ४ जीबीवर त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती आरामात चालते. पेनड्राइव्हवर घाला, त्यावरनंच चालू करून बघा, हार्डडिस्कला हात पण लागत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर सगळं चालतंय का बघायचं, नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढायचा, विषय संपला. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

पोरीसाठी स्टेलारियम टाका. ठिकाण कोल्हापूर निवडायचं आणि आज रात्री रंकाळ्यावरनं गुरू कुठं दिसतोय ते आधी स्क्रीनवर बघून मग चौपाटीला जायचं. आमच्या घरी हे चालू झाल्यापासून भेळेचा खर्च वाढलाय. आणि जिओजेब्रा, भूमितीला त्याला तोड नाही, तुमच्या शिकवणीच्या पेपरला आकृत्या पण त्यातच काढता येतील.

पांढरा_रस्सा
मिंट चांगलं आहे, पण जुना लेझर प्रिंटर असला तर ड्रायव्हरसाठी डोकं फुटतं. आणि डिजिटल सहीचा डोंगल, टॅली, हे विंडोजवरच बरं.

गंगावेस_धारोष्ण
म्हणून तर म्हणालो पेनड्राइव्हवर बघा आधी. वाचत जावा की ओ.

उद्यमनगरी_पाना
भांडू नका, दोघंही बरोबर आहात. वहिनी, एकच राहिलं, बॅकअप. २०१९ च्या पुरात आमच्या पाहुण्यांचा शाहूपुरीतला पीसी गेला, त्यानंतर २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा त्यांनी नवीन खोकं पोटमाळ्यावर चढवलं पण बॅकअपची हार्डडिस्क खाली कपाटात विसरली. तेव्हा एक कॉपी दुसऱ्याच्या घरी ठेवा, गारगोटी म्हणा, गडहिंग्लज म्हणा, जिथं पाहुणे आहेत तिथं.

कटवाली_मिसळ
तीन आठवड्यांनी येतोय, रागावू नका, परीक्षा होत्या पोरांच्या.

एसएसडी बसवली, रॅम डीडीआर४ निघाली म्हणून तीही लावली, दुकान दुसरं बघितलं. पाटी गेली, नोटिफिकेशनमध्ये अकरा साइट निघाल्या, एक पण ओळखीची नव्हती. हिशेबाच्या शीटमध्ये मॅक्रो नव्हतेच, निव्वळ बेरजा, कॅल्कमध्ये तशाच उघडल्या. चपलांच्या फोटोला गिंपच शिकतोय, पहिल्या दिवशी कापायचं हत्यार सापडेना म्हणून रडकुंडीला आलो होतो, आता चाललंय. वाढीव अपडेटची नोंदणी केली. मिंट पेनड्राइव्हवर चालवून बघितलं, सगळं चाललं, फक्त प्रिंटर हलला नाही, रस्सासाहेबांचं खरं झालं, पुढच्या वर्षी बघू.

एक गोष्ट तुम्ही कुणी सांगितली नव्हती. शिकवणीचा पेपर छापला तर शेवटची ओळ दर वेळी कापली जायची. दोन दिवस प्रिंटरला दोष दिला. शेवटी पोरीनं बघितलं की पानाचा आकार लेटर होता, ए४ नव्हता, लिब्रेऑफिसनं अमेरिका धरली होती. लँग्वेजच्या सेटिंगमध्ये लोकेल इंडिया केलं आणि नवीन पान ए४ यायला लागलं.

अक्षरजुळणी काका, तुम्हाला एक विचारायचंय. सासऱ्यांच्या अभंगांच्या फाइल मोजल्या, १४३ निघाल्या. दहा कन्व्हर्ट केल्या, एकेका फाइलला रफार नीट लावत बसायला पाऊण तास जातोय. सगळ्या करायच्या का?

अक्षरजुळणी
सगळ्या कशाला? सासऱ्यांना विचारा, येत्या एकादशीला कुठले म्हणणार आहेत. तेवढे आधी करा. आणि रफार त्यांनाच लावू दे, अभंग त्यांना पाठ आहेत, तुम्ही वाचून दुरुस्त करताय, ते नुसतं बघून करतील.