प्रॉक्सी लिसनर एसएमटीपीला पुरत नाही

फेकनेट-एनजी हे टूल तपासायच्या मालवेअरला खोटं इंटरनेट दाखवतं, आणि त्यातला लिसनर म्हणजे एकेका प्रोटोकॉलचा खोटा सर्व्हर. असं सांगतात की त्याच्या सेटिंगमध्ये रिडायरेक्ट ऑल ट्रॅफिक येस केलं आणि डिफॉल्ट टीसीपी लिसनर म्हणून प्रॉक्सी लिसनर दिला की पोर्ट कुठलाही असो, प्रोटोकॉल तोच ओळखतो. एचटीटीपी आणि टीएलएसपुरतं (एन्क्रिप्टेड जोडणी) अगदी खरंय, पोर्ट ८०८१ वर आलेली गेट रिक्वेस्टसुद्धा बरोबर एचटीटीपी लिसनरकडे जाते. पण हा प्रॉक्सी ओळखतो कसा, तर क्लायंटने, म्हणजे इथे मालवेअरने, पाठवलेले पहिले बाइट्स डोकावून बघतो आणि मग प्रत्येक लिसनरला विचारतो की हे तुझं वाटतंय का. एसएमटीपी (मेल पाठवणं), एफटीपी (फाइल्स), पॉप३ (मेल उतरवणं) मध्ये आधी बोलतो सर्व्हर! क्लायंट सर्व्हरच्या स्वागताच्या ओळीची (एसएमटीपीत ती २२० ने सुरू होते) वाट बघत गप्प बसतो, मग डोकावून बघायला काही येतच नाही, सॅम्पल (तपासायचं मालवेअर) टाइमआउट होऊन बंद पडतं आणि आपण समजतो की त्याला इंटरनेट नसल्याचं कळलं.

एजंट टेस्लासारखी पासवर्ड चोरणारी मालवेअर चोरलेले पासवर्ड बऱ्याचदा पोर्ट ५८७ वरून मेलने पाठवतात, आणि एसएमटीपी लिसनर मुळात २५ वर असतो. म्हणून कॉन्फिगच्या आयएनआय फाइलमध्ये एसएमटीपी लिसनरचा सेक्शन कॉपी करा, त्याला वेगळं नाव द्या आणि पोर्ट ५८७ करा, एवढंच. सॅम्पल एखाद्या विचित्र पोर्टवर जात असेल तर पीकॅपमध्ये (नेटवर्क ट्रॅफिकच्या नोंदीच्या फाइलमध्ये) बघा, टीसीपी हँडशेक पूर्ण होऊनही, म्हणजे जोडणी जुळूनही, क्लायंटकडून डेटा शून्य असेल तर पहिला संशय सर्व्हर आधी बोलण्याच्या याच प्रकारावर घ्या. आणि हे सगळं होस्ट-ओन्ली (बाहेरच्या इंटरनेटला न जोडलेल्या) नेटवर्कवरच्या व्हीएममध्येच (व्हर्च्युअल मशीनमध्येच) करा, यात तडजोड नको.